पानशेतची जुनी १४ फुटी बोट: फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं तर डेकवरचं पाणी बाहेर जाईल का?

अनघा_वारजे

नमस्कार. आमची शेती पानशेतच्या फुगवट्याच्या पलीकडच्या काठावर आहे. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर खूप वेळ मोडतो, आणि पावसाळ्यात दरड आली की तो रस्ताही बंद. त्यामुळे घरची बोट आहे. चौदा फुटी, फायबरची, १९९० च्या दशकातली, अलिबागकडून सेकंडहँड आणलेली. माझे दीर चालवतात. खताची पोती, भाजीचे क्रेट, दुधाच्या किटल्या आणि घरची माणसं, सगळी ने-आण तीच करते.

मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आहे, दोरी ओढून सुरू करायचं. चालायला भक्कम आहे, तक्रार नाही. पण सुरू केलं की मागे पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरत जातो, आणि तो मला बघवत नाही. हेच पाणी पुढे खडकवासल्यात येतं आणि तिथून माझ्या वारज्याच्या नळाला. म्हणून घरात ठरलं की पैसे जमलेत, तर फोर-स्ट्रोक घेऊ. ४० किंवा ५० चं.

अडचण अशी. बोटीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, डेकच्या पातळीला, अंगठा जाईल एवढी एकेक आरपार भोकं आहेत. डेकवर आलेलं पाणी त्यातून बाहेर जावं म्हणून. बोट रिकामी असताना पाणी जातं. भोकाची खालची कड तेव्हा पाण्याच्या वर चार सेंटिमीटर असते, मी पट्टी लावून मोजलंय. दीर मागे बसले की पाणी कडेला टेकतं. त्यांच्याजवळ दुसरं कोणी गेलं की त्याच भोकांतून पाणी उलटं आत येतं आणि कोपऱ्यात घोट्यापर्यंत साचतं. सासूबाई तेव्हा बाजूची कड घट्ट धरून बसतात, आणि मला ते फार लागतं.

नवीन इंजिन जड असतं एवढं कळलंय. विक्रेता म्हणाला, "काही होत नाही ताई, भोकं सिलिकॉननं बुजवून टाका." दिरांच्या ओळखीतले एकजण म्हणाले, मागे लोखंडी ब्रॅकेट काढून त्याच्यावर इंजिन लावा. तिसऱ्यानं डेक उचलायला सांगितलं. कोणाचं ऐकावं? बोट पावसाळ्यात काठाला उघडीच बांधलेली असते, हेही सांगते.

परवान्याची कागदपत्रं वेगळी चालू आहेत, त्याबद्दल हा प्रश्न नाही.

शिडाची_होडी

ताई, एक गोष्ट कोणी सांगितली नसेल. समुद्राचं पाणी जड असतं, लिटरला साधारण १.०२५ किलो. धरणाचं पाणी लिटरला १ किलो. त्यामुळे अलिबागला जेवढी वर तरंगत होती तेवढी ती पानशेतला तरंगणारच नाही. भोकं तिथल्या हिशोबानं पाडलेली असणार. ती चार बोटं वर नवीन पाडून घ्या आणि जुनी बुजवा.

भोसरी_फायबर

नमस्कार अनघाताई. नौदलात इंजिनरूममध्ये नोकरी केली, निवृत्त झाल्यावर भोसरीला फायबरची शेड टाकली. टाक्या, कॅनोपी असलं काम जास्त, पण बोटी दुरुस्तीला आल्या की मी त्या दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भोकं अजिबात बुजवू नका, आणि इंजिनची ऑर्डरही आत्ता देऊ नका.

आधी गोड्या पाण्याचं. फरक पडतो, पण किती ते बघा. तुमची बोट, इंजिन आणि सामान मिळून ६०० किलो धरू. गोड्या पाण्यात तिला १५ लिटर जास्त पाणी बाजूला सारावं लागेल. चौदा फुटी बोटीचा पाण्याला टेकलेला पसारा पाच-साडेपाच चौरस मीटर असतो. म्हणजे ती तीन मिलिमीटरसुद्धा जास्त बुडणार नाही. तुमची अडचण सेंटिमीटरांची आहे. आणि भोकं वर सरकवून काय होणार? डेक आहे तिथंच राहणार. भोकाच्या खाली जेवढं पाणी साचेल ते कायमचं डेकवर हिंदकळत राहील. पाच सेंटिमीटर पाणी तीन चौरस मीटर डेकवर उभं राहिलं तर ते १५० लिटर, म्हणजे दीडशे किलो. तेही वळताना एका बाजूला धावणारं. बोट उलटते ती अशा पाण्यानं.

आता वजनाचं. तुमच्यासारखं दोन सिलिंडरचं ४० चं टू-स्ट्रोक सत्तर-पंच्याहत्तर किलोचं असतं. ४० ते ६० मधलं फोर-स्ट्रोक साधारण ९५ ते ११५ किलोचं. कारण साधं आहे. त्यात व्हॉल्व्ह आलं, कॅमशाफ्ट आला, तेलाची वेगळी टाकी आणि पंप आला, शिवाय तेवढीच ताकद काढायला सिलिंडर मोठे लागतात, कारण स्फोट दर फेऱ्याला न होता एक फेरा सोडून होतो. त्यातही एक मेख आहे. बऱ्याच कंपन्या ४०, ५० आणि ६० हे एकाच ब्लॉकवर बनवतात. सुझुकीचं ४० आणि ६० दोन्ही १०४ किलोच्या आसपास भरतात. म्हणजे "५० नको, ४० घेऊ, तेवढंच हलकं" असं वाटून घेतलं तर वजन रुपयाभरानं कमी होत नाही. त्यात तुमचं जुनं दोरीचं, नवीनला बॅटरी लागणार. ती आणखी १५-२० किलो.

हे ३० किलो बोटीच्या मध्यावर ठेवले तर ती सहा मिलिमीटर बुडेल, कोणाला कळणारही नाही. पण इंजिन टांगतो आपण ट्रान्समवर, म्हणजे अगदी शेवटच्या फळीवर. तिथं वजन पडलं की बोट नुसती बुडत नाही, ती मागे बसते आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर येते. मी तुमच्या मापाच्या बोटीचा हिशोब करून बघितला. ट्रान्समवरचे ३० किलो मागची कड सुमारे अडीच सेंटिमीटर खाली नेतात. तुमच्याकडे शिल्लक आहेत चार. उरला दीड. मग दीर मागे नुसते टेकले तरी भोकं पाण्याखाली.

ब्रॅकेटचा सल्ला तर उलटाच आहे. ब्रॅकेटनं इंजिन आणखी अर्धा-पाऊण मीटर मागे जातं. किलो तेवढेच, पण ओढ वाढते, आणि ब्रॅकेटचं स्वतःचं वजन वेगळं. मोठ्या बोटींना ब्रॅकेटच्या खाली पोकळ हवाबंद डबा करतात, तो तरंगून हे भरून काढतो. नुसत्या लोखंडी अँगलला ते जमत नाही.

आता भोकांविषयी, कारण इथं लोक फार गोंधळतात. भोक मोठं केलं म्हणजे पाणी लवकर जाईल असं प्रत्येकाला वाटतं. २५ मिलिमीटरचं भोक, आत-बाहेर पाच सेंटिमीटरचा फरक, तर मिनिटाला १७ लिटरच्या आसपास पाणी जातं. ३८ मिलिमीटरचं केलं तर ४० लिटर. फायदा आहेच, लाट आत आली तर तो फार महत्त्वाचा. पण सगळं त्या फरकावर चालतं. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आलं की भोक परातीएवढं असलं तरी एक थेंब बाहेर जाणार नाही. आणि बाहेरचं वर गेलं तर तेच भोक पाणी आत आणतं.

पावसाचा हिशोब करून बघा. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला. तुमचं खोरं त्याच डोंगरांच्या कुशीत आहे. चार चौरस मीटरच्या उघड्या डेकवर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २००० लिटर. दोन टन. भोकं पाण्याच्या वर असतील तर तुमची आत्ताचीच अंगठ्याएवढी भोकं ते दिवसभरात सहज बाहेर टाकतील, कारण सरासरी मिनिटाला दीड लिटरच येतोय. पण ती बुजवलेली असतील, किंवा जड इंजिननं पाण्याखाली गेली असतील, तर सकाळी फक्त दोरी दिसेल. सिलिकॉन भरा म्हणणाऱ्या माणसानं पावसाळ्यात बांधलेली बोट बघितलेली नाही.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. तुम्ही लिहिलंय की रिकामी असतानाच चार सेंटिमीटर शिल्लक आहेत. एवढ्या मापाची बोट बनवणारा माणूस नवीन असताना इतकं कमी ठेवत नाही. माझा संशय इंजिनवर नाहीच, बोटीवर आहे. तीस वर्षांच्या बोटीत डेकच्या खाली फोम भरलेला असतो. डेकला स्क्रू मारलेले असतात, बाकांचे पाय, कड्या, कोणीतरी मध्येच नवीन काहीतरी बसवलेलं. प्रत्येक स्क्रूतून थेंब-थेंब पाणी खाली जातं आणि फोम ते धरून ठेवतो, चहात बुडवलेल्या पावासारखा. वरून काही दिसत नाही. बोट मात्र दर वर्षी थोडी थोडी जड होत जाते, आणि घरातल्यांना त्याची सवय होते.

तेव्हा ताई, एवढं करा. बोट ट्रेलरवर घेऊन सिंहगड रस्त्यानं येताना लागेल त्या वजनकाट्यावर तोला. इंजिन, टाकी, सामान सगळं काढून. मग ट्रेलर रिकामा तोला. काटा दहा-वीस किलोच्या पटीत दाखवतो, तेवढं चालेल. बोटीवर बनवणाऱ्याची पट्टी असेल तर तिच्यावरचं मूळ वजन बघा. नसेल तर चौदा फुटी साध्या फायबर बोटीचं अडीचशे-तीनशे किलो धरा.

ट्रान्समही ठोकून बघा. छोट्या हातोडीच्या मागच्या बाजूनं, वरपासून खालपर्यंत. चांगल्या ठिकाणी टणक आवाज येतो, आतलं प्लायवुड कुजलं असेल तिथं बद्द. इंजिनच्या बोल्टांच्या खाली जास्त लक्ष द्या. एखादा बोल्ट काढल्यावर चहाच्या रंगाचं पाणी आलं तर त्या ट्रान्समवर शंभर किलोचं इंजिन लावायचा विचारही करू नका.

मुरुडची_खाडी

वरच्या काकांचं पूर्ण पटलं, एक जोडतो. आमच्याकडे लहान होड्यांना भोकाच्या बाहेरून रबराची झडप लावतात. वरच्या कडेला दोन स्क्रू, खालून मोकळी. आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, बाहेरचं आलं की ती दाबून बसते. बाजारात प्लास्टिकचं तयार मिळतं, आत चेंडू असलेलंही मिळतं. पुण्यात बोहरी आळीत तीन मिलिमीटरचं निओप्रीन रबर मिळेल, ते कापून घरी होतं.

पण ही झडप शंभर टक्के थांबवत नाही. काडी किंवा पान अडकलं की उघडी राहते. रोज आत हाताचं बोट घालून साफ करायची. धरणाच्या काठाला झाडं जास्त, तुमच्याकडे पालापाचोळा आमच्यापेक्षा जास्त येणार.

अजून एक, वेग एकदम सोडू नका. जोरात येऊन थ्रॉटल पटकन बंद केला की आपलीच मागची लाट आपल्याला गाठते आणि ट्रान्समवरून आत येते. जुन्या बोटींचा ट्रान्सम मध्ये खाली कापलेला असतो, आखूड शाफ्टच्या (पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) इंजिनसाठी. पंधरा इंचाचा. मागे जड असेल तर ती लाट हमखास आत. इंजिन घेताना हेही मोजा. तुमचं पंधराचं की वीसचं? पंधराच्या ट्रान्समवर वीसचं लावलं तर पंखा उगाच पाच इंच खोल जातो आणि सगळी बोट ओढल्यासारखी चालते.

अनघा_वारजे

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलं तसं सगळं केलं.

दिरांनी पुतण्यांना घेऊन बोट बाहेर काढली, इंजिन उतरवलं, आणि आम्ही काट्यावर नेली. काटेवाले दादा आधी हसले, मग स्वतःच ट्रेलर नीट मध्यावर घ्यायला मदत करायला आले. पुढच्या बाजूला आतून एक ॲल्युमिनियमची पट्टी सापडली, रंगाखाली दडलेली. तिच्यावर वजन २९० किलो. काट्यावर बोट भरली ४२०.

मी ते दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत राहिले. १३० किलो. दोन माणसं. सासूबाई आणि मी, कायमच्या डेकखाली बसलेल्या.

ट्रान्सम वरच्या बाजूला टणक आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यात आवाज बद्द येतो, तळहाताएवढ्या जागेत. बोल्टाच्या भोकातून पाणी नाही आलं, पण लाकूड ओलसर लागलं. ट्रान्समची उंची साडेवीस इंच भरली, म्हणजे वीसचंच इंजिन.

आता पुढे काय? हे काम घरी होण्यासारखं आहे का? फोम काढून परत भरायचाच का, की नुसती पोकळी ठेवली तर हलकी राहील? दीर विचारतात, थर्माकोल भरला तर चालेल का, स्वस्त पडेल. आणि हे सगळं करून मग ४० चं फोर-स्ट्रोक घ्यावं का?

भोसरी_फायबर

ताई, काटा लावलात हे फार चांगलं केलं. १३० किलो पाणी म्हणजे तुमची बोट मागच्या बाजूला पाच-सहा सेंटिमीटर जास्त बसलेली असणार, कारण पाणी उतारानं मागेच साचतं. ते काढलं की तुमच्या भोकांची कड चारावरून नवाच्या आसपास जाईल. इंजिन न बदलताच.

पोकळी ठेवू नका. फोम तरंगण्यासाठी असतो, हलकेपणासाठी नाही. तळाला दगड लागून चीर पडली तर पोकळीत पाणी भरेल आणि बोट खाली जाईल; फोम असेल तर बुडल्यावरही काठोकाठ तरंगत राहील आणि माणसांना धरायला काहीतरी राहील. थर्माकोल मात्र नको. फायबर चिकटवायचं पॉलिएस्टर रेझिन लागलं की तो विरघळतो, पेट्रोल सांडलं तरी विरघळतो. दोन भाग मिसळून फुगणारा पॉलियुरेथेन फोम मिळतो, घनमीटरला ३०-३५ किलोवाला घ्या. किंवा बंद पेशींच्या पॉलिथिन फोमच्या तयार लाद्या घ्या आणि कापून बसवा. मला लाद्या जास्त आवडतात. त्या काढून बघता येतात, आणि लादीच्या खाली तळाशी बोटभर मोकळी नाळी ठेवली की आलेलं पाणी मागच्या ड्रेन प्लगपर्यंत, म्हणजे पाणी सोडायच्या बुचापर्यंत, वाहत जातं. ओतलेल्या फोमची हीच खोड आहे, तो सगळ्या वाटा बुजवतो. तुमच्या बोटीत पाणी राहिलं त्याचं कारण हेच निघेल बघा.

घरी होईल का? डेक कापून उचलणं, ओला फोम खरवडून काढणं, उन्हात वाळवणं, हे दीर आणि पुतणे करतील. कापताना कडेपासून दोन-तीन इंच आत कापा, म्हणजे परत टेकवायला ओठ राहतो. आत्ता मार्च आहे, हवा कोरडी आहे. मे संपेपर्यंत लॅमिनेशन, म्हणजे रेझिन लावून फायबरचे थर चढवणं, झालंच पाहिजे. जूनच्या दमट हवेत पॉलिएस्टर नीट बसत नाही, चिकट राहतं. आणि एप्रिलच्या दुपारी उलटं होतं, डब्यातच गोळा होतो, म्हणून सकाळी लवकर काम करा आणि रेझिन घट्ट करणारं कॅटॅलिस्ट एक टक्क्याच्या आसपास ठेवा.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ओरडून सांगा. रेझिनबरोबर दोन बाटल्या येतात, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट. दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, स्फोट होतो. बाटल्यासुद्धा एका खोक्यात ठेवू नका. डोळ्यांना चष्मा हवाच, कॅटॅलिस्टचा थेंब डोळा घेऊन जातो.

ट्रान्सम मात्र घरी करू नका. तळहाताएवढा बद्द भाग उघडल्यावर दुप्पट निघतो. आतल्या बाजूची कातडी कापून कुजलेलं लाकूड काढायचं आणि नवीन मरीन प्लाय घालायचा. दुकानात आयएस ७१० छापलेला बघून घ्या. नुसतं वॉटरप्रूफ म्हणून देतात ते आयएस ३०३ निघतं, तो स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक आहे. बोट भोसरीला आणलीत तर मी बघून देईन. दुसऱ्या कोणाकडे दिलीत तरी एवढं सांगा की बोल्टांची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीनं भरायची आणि त्या इपॉक्सीतून पुन्हा बोल्टापुरती पाडायची. म्हणजे सील सुटलं तरी पाणी लाकडाला लागत नाही.

आता इंजिन. माझं ठाम मत आहे, इंजिन घेताना आधी किलो बघा, मग हॉर्सपॉवर. तुमची बोट ७५ किलोच्या इंजिनसाठी बनलेली आहे. ३० चं फोर-स्ट्रोक ७० ते ८० किलोत मिळतं. आता तुम्ही म्हणाल दहा हॉर्सपॉवर गेले. पण तुम्ही १३० किलो पाणीही काढलेलं असेल. तुम्हाला स्कीइंग करायचं नाही, पोती आणि माणसं सुखरूप पलीकडे न्यायची आहेत. बोटीचं माप, तुमचा भार आणि तुमचं अंतर बघता तीस पुरतं.

बॅटरी मागे ठेवू नका, मधल्या बाकाखाली डब्यात बांधा. पेट्रोलची टाकीही पुढे घ्या, २५ लिटरची भरलेली टाकी वीस किलोच्या वर जाते. नळी लांब घेतली की झालं. टाकी मात्र उघड्या हवेशी ठेवा, बंद कप्प्यात नको, वाफ साचते.

आणि पैसे देण्याआधी हे करून बघा. दुरुस्त बोट पाण्यात सोडा, जुनं इंजिन लावलेलं असू द्या. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावा. मग वीस लिटरचे पाण्याचे जार आणा. एक भरलेला, एक अर्धा, ट्रान्समला चिकटवून ठेवा. हे झाले ३० किलो, म्हणजे तुमचं ४० चं फोर-स्ट्रोक. आणखी एक जार मधल्या बाकाखाली, ती बॅटरी. दिरांना त्यांच्या जागेवर बसवा, दुसऱ्या कोणाला त्यांच्याजवळ उभं करा. भोकं पाण्याच्या वर राहिली तर चाळीसचा विचार करा. बुडाली तर तीस.

शिडाची_होडी

तीसला माझंही मत. फक्त पंख्याचं लक्षात ठेवा. पानशेत समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, इथं हवा विरळ, कोणतंही साधं इंजिन पाच-सहा टक्के ताकद गमावतं. त्यात भार ओढायचा आहे. विक्रेता बहुधा समुद्रावरच्या हलक्या बोटीचा पंखा देईल. एक-दोन इंच कमी पिचचा (पंखा एका फेऱ्यात जेवढं पुढे जाईल ते अंतर) मागून घ्या आणि भरलेल्या बोटीत पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुस्तकात दिलेल्या आरपीएमपर्यंत पोचतं का बघा. पोचत नसेल तर पंखा जड आहे.

तवंगाचं तुम्ही लिहिलंत ते फार पटलं. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये २५-३० टक्क्यांपर्यंत पेट्रोल न जळताच एक्झॉस्टमधून पाण्यात जातं, वर त्यात मिसळलेलं तेल. अमेरिकेत १९९६ साली यावर नियम आला, २००६ पर्यंत तो टप्प्याटप्प्यानं कडक होत गेला आणि ही इंजिनं तिथं बाजारातून हळूहळू बाहेर गेली. आपल्याकडे धरणं पिण्याची आहेत, आपण तर आधी करायला हवं होतं.

अनघा_वारजे

दिरांना मोबाइलवर सगळं वाचून दाखवलं. त्यांनी थर्माकोलचा विषय सोडला आणि डेक रविवारी उघडायचं ठरवलं. ट्रान्सम भोसरीला आणतो काका, येण्याआधी इथं लिहीन. तीसवर ते अजून कुरकुरताहेत, पण जारचा प्रयोग त्यांनाच करायचा आहे.

एकच राहिलं. यंदाच्या पावसाळ्यात बोट बांधायची कशी? तळाचं पाणी उपसणारा बिल्ज पंप लावून ठेवला तर पुरेल का?

भोसरी_फायबर

पंप लावा, पण त्याच्या भरवशावर बोट सोडू नका. डब्यावर तासाला १९०० लिटर लिहिलेलं असतं ते पाणी वर उचलायचं नसतानाचं. नळी दोन फूट वर चढवली, वायर बारीक असली, की निम्म्यावर येतं. आणि आठवडाभर ढगाळ राहिलं, पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच सारखा चालू राहिला, की बॅटरी बसते. नेमकी त्याच रात्री गरज असते. तापकीर गल्लीतून जाड, कथील चढवलेली तांब्याची वायर आणा, साधी तांब्याची पाण्याजवळ हिरवी पडते.

खरा उपाय म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात इंजिन उतरवून घरात न्या. पाऊस लागला की धरणाची पातळी वर येते आणि काठावर ठेवलेली बोटही पाण्यात जाते, म्हणून पूर्ण भरल्यावर पाणी जिथं पोचतं त्या खुणेच्याही वर ट्रेलरवर ठेवा. नाळेकडची बाजू वीतभर उंच, मागचा ड्रेन प्लग काढलेला आणि दोरीनं स्टिअरिंगला बांधलेला, म्हणजे बोट परत पाण्यात सोडताना तो आधी हातात येईल. वर ताडपत्री, मध्ये बांबूची कमान करून, नाहीतर तिच्यातच पाणी साचतं.

पावसात पलीकडे जावंच लागलं आणि बोट पाण्यात ठेवावी लागली, तर इंजिनविना, भोकं मोकळी, झडपा रोज साफ, आणि दोरी लांब सोडून. पाणी एका रात्रीत मीटरभर चढू शकतं, आखूड दोरी नाळ खाली ओढते.

येताना ट्रान्समचा इंजिनच्या क्लॅम्पमध्ये बसतो तो जाडीचा आकडा लिहून आणा. प्लाय त्या मापाचा काढून ठेवतो.